माझी बशी आणि वन्संचा आग्रह

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला जेवताना पाहिलं आणि धाकटीने विचारलं, "आजी, तू चहाच्या बशीत का जेवतेस? बाहुलीसारखी?" माझ्या तोंडात घास होता आणि घास नीट चावून झाल्याशिवाय मी आता बोलत नाही. तेवढ्यात तुमची शाळेची बस आली. म्हणून उत्तर लिहून पाठवते.

तुम्हाला आठवते ती आजी चांगली लठ्ठ होती. तुम्ही दोघं एकदम माझ्या मांडीवर मावायचात. ते मला आवडायचं, गुडघ्यांना नाही. त्यात मधुमेह. आपल्या चिकूच्या वाडीच्या टोकाला विहीर आहे ना, तिथपर्यंत जाणंही बंद झालं होतं. शेवटी तुमच्या बाबांनी हट्ट धरला आणि मुंबईला माझं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी जठराचा मोठा भाग काढून टाकला आणि केळ्याएवढी पिशवी शिल्लक ठेवली.

पथ्य सांगायला एक तरुण मुलगी होती, तुमच्या आईहूनही लहान. म्हणाली, "काकू, पोट डॉक्टरांनी लहान केलं. सवयी मात्र तुम्हालाच लहान करायच्यात." आधी नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि मग हळूहळू रोजचं जेवण. घास चिमणीचा. जेवताना पाणी नाही. आधी डाळ, अंडं किंवा मासा, जागा उरली तर भात. आणि पोट भरलं की त्या क्षणी थांबायचं, ताटात काहीही उरलेलं असो.

मला नियम आवडतात. माझ्या मसाल्याच्या डब्यांवर इंग्रजी लेबलं आहेत आणि तुमचे आजोबा लग्न झाल्यापासून त्यांना हसत आलेत. तेव्हा बाकीचं सगळं मला जमण्यासारखं होतं. अवघड होतं ते थांबणं, कारण मला वन्सं आहेत.

वन्सं म्हणजे आजोबांची मोठी बहीण, उधवा गावात राहणारी तुमची आत्याआजी. मी इंग्रजी शाळेत शिकून या घरात आले तेव्हा मला मासा कुठून धरायचा तेही ठाऊक नव्हतं. वन्सं तेव्हा माहेरपणाला आल्या होत्या. कुणाला न सांगता त्यांनी मला मागच्या अंगणात बसवून सगळं शिकवलं. तेव्हापासून आमचं नातं मैत्रिणींसारखं आहे. पण वन्संचं प्रेम डावातून वाढलं जातं. आमच्याकडे पाहुणा पहिल्यांदा 'पुरे' म्हणाला की वाढणारीने ऐकायचं नसतं. दुसऱ्यांदा म्हणाला तर अर्धा डाव वाढायचा. पाहुण्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले तरच तो मनापासून म्हणतोय असं समजायचं. वन्संच्या पंगतीला हात आडवे धरले तर भात हातावर पडतो.

ऑपरेशननंतर मी मिक्सरमधून काढलेल्या जेवणापर्यंत आले होते, तेव्हा त्या मला बघायला आल्या. माझ्या वाटीतलं वरण पाहून त्यांचा चेहरा पडला.

"हे काय गं वहिनी? हे तर आमची म्हैस व्यायली की तिलासुद्धा आम्ही देत नाही."

"वन्सं, मला मऊच खायचंय सध्या."

"मऊ ना? मग घरात एवढं मऊ असताना तू हे का पितेस?"

टोपलीत पिकलेले चिकू होते. त्यांनी सोलले, बिया काढल्या, दुधात कुस्करून वाटी माझ्या हातात दिली. साखरेचा डबा त्यांनी आठवणीने लांब ठेवला. साखर बंद आहे हे त्यांना माहीत होतं, आणि मला तर होतंच. पण बाळांनो, चिकूच्या वाडीत राहणारी माणसं चिकू खाण्यात धरतच नाहीत. तो येताजाता तोंडात टाकायचा असतो. त्याला कुणी गोड म्हणत नाही, तो घरचा असतो. मी दोन चमचे खाल्ले आणि म्हटलं, "पुरे." पहिलं पुरे, त्यामुळे त्यांनी ऐकलं नाही. दुसरंही ऐकलं नाही. मी वाटी संपवली.

थोड्याच वेळात मला दरदरून घाम फुटला. छाती धडधडायला लागली, पोटात कळा, डोळ्यांपुढे अंधारी. मी आडवी झाले. वन्सं देवघरापर्यंत जात आणि परत येत होत्या. आजोबांनी पथ्याच्या मुलीला फोन लावला.

"काय खाल्लं काकूंनी?"

"काही नाही हो. चिकू."

"चिकू? दुधात? अहो काका, किती साखर असते त्यात!"

"साखर घातलीच नव्हती," आजोबा ठामपणे म्हणाले.

घाबरण्यासारखं काही नाही, असं तिने सांगितलं. गोड फार भराभर खाली उतरलं की असं होतं, पडून राहायचं, आपोआप ओसरतं. तसं ओसरलंही. संध्याकाळी मी उठून बसले आणि मला हसू फुटलं. वन्संना नाही फुटलं. त्या पदराने चष्मा पुसत म्हणाल्या, "माझ्या हातून जात होतीस तू." आणि त्यानंतर त्या यायच्याच बंद झाल्या.

फोन करायच्या, पण कधी गुडघा, कधी गाडी नाही. पूर्वी त्या डहाणूच्या बाजाराला आल्या की आपल्याकडे डबा पोचायचाच. तोही थांबला. आजोबांनी खोदून विचारलं तर म्हणाल्या, "तिच्यासमोर रिकाम्या हाताने बसायचं कसं? आणि हातात काही घेऊन यायची मला भीती वाटते." वजन उतरत होतं, साखर खाली येत होती, आणि माझी मैत्रीण मात्र हातची निघून चालली होती. हे मला कुठल्याही पथ्यापेक्षा जड गेलं.

बाकी दिवस मजेचे होते, तेही सांगते. ताजा बोंबील इतका मऊ असतो की तो चावायचा कसा हाच प्रश्न. मऊ जेवणाची परवानगी मिळाली त्या दिवशी मी स्वतः बाजारात गेले आणि दोन बोंबील मागितले. मासेवाली म्हणाली, "दोन? आजी, मांजर पाळलंत काय?" मी म्हटलं, "हो, मीच ती." नुसत्या हळद-मिठात शिजवलेला तो बोंबील मी डोळे मिटून खाल्ला. सकाळी मुगाचं धिरडं, जेवायला बशी. बशी मीच निवडली, कारण ताटात एवढंसं अन्न केविलवाणं दिसतं आणि बशी कशी भरगच्च दिसते. आजोबांचं जेवण माझ्या निम्म्या वेळात संपतं. सुरुवातीला ते उठून जायचे. मग एक दिवस पेपर घेऊन तिथेच बसले आणि बाजारभावापासून निधनवार्तेपर्यंत सगळं मोठ्याने वाचून दाखवायला लागले. "तुझी मालगाडी स्टेशनात येईपर्यंत बसतो," म्हणाले. अजून बसतात. आणि दिवाळीनंतर एका सकाळी मी विहिरीपर्यंत चालत गेले, तिच्या काठावर बसले आणि कुणाचा हात न धरता उठले.

त्याच आठवड्यात मी आजोबांना म्हटलं, "वन्संकडे उंबाडियो खायला जाऊ या."

"तिने बोलावलंय?"

"नाही. म्हणूनच."

उंबाडियो तुम्ही खाल्लेला नाही. नाव पलीकडचं, गुजरातेतलं, पण आपल्या तलासरी भागातही थंडीत घरोघर होतो. पापडीच्या शेंगा, कंद, रताळी, बटाटे हिरवा मसाला लावून मडक्यात भरायचे, उग्र वासाच्या रानपाल्याने तोंड बंद करायचं, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. तेल नाममात्र, पाणी नाहीच. वाटेत कासा गावच्या बाजारात आम्ही कोवळी पापडी घेतली आणि वन्संच्या अंगणात जाऊन उभे राहिलो.

वन्सं मला नखशिखान्त बघत राहिल्या. "अर्धी कुठे टाकून आलीस?"

"मुंबईला. आज मडकं लावा, वन्सं. मला खायचंय."

"नको बाई. तू बस, गप्पा मार."

"पथ्याच्या मुलीला विचारून आलेय. पापडीचे दाणे चालतात. तुम्ही लावणार की मी लावू?"

मला मडकं लावता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या उठल्या.

दुपारी मडकं उघडलं, वाफ निघाली आणि आम्ही चटईवर गोल बसलो. मी पिशवीतून माझी बशी काढली. आजोबांना एरवी जेवायची घाई, पण त्या दिवशी घाई करता येईना, कारण उंबाडियोतली शेंग भसकन तोंडात घालता येत नाही. एकेक उघडायची, दाणे काढायचे, फुंकर मारायची. तासभर सगळेच माझ्या गतीने जेवत होते. पेपर वाचायची गरज पडली नाही. वन्संनी आपलं खाणं बाजूला ठेवलं आणि एकेक शेंग सोलून माझ्या बशीत दाणे टाकायला लागल्या. आधी घाबरत घाबरत, माझ्या कपाळाकडे बघत, घाम येतोय का म्हणून. मग जरा भराभर. मी चावत होते आणि त्या शेजारणीच्या सुनेच्या तक्रारी सांगत होत्या. इतक्या महिन्यांच्या साठलेल्या.

मग पोटाने सांगितलं. मी म्हटलं, "पुरे, वन्सं."

त्यांचा हात बशीवर येऊन थांबला. चिमटीत दोन दाणे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं, आणि ते आपल्याच तोंडात टाकले.

"मग मीच खाते. गार होतील उगाच."

पहिल्याच 'पुरे'ला थांबलेल्या वन्सं मी त्या दिवशी प्रथम पाहिल्या. लगेच त्यांनी उरलेलं अर्धं रताळं उचललं आणि आजोबांच्या ताटात ठेवलं.

"अगं ताई, पुरे!"

"तुझं ऑपरेशन झालंय का? नाही ना? मग घे."

आता त्या पूर्वीसारख्या बाजाराच्या दिवशी येतात. माझ्यासाठी छोट्या डबीत सोललेले दाणे नाहीतर उकडलेलं अंडं, आजोबांसाठी मोठा डबा. तुम्ही मे महिन्यात येणार हे मी त्यांना सांगितलंय. तुमच्या दोघांचंही कसलंच ऑपरेशन झालेलं नाही, हेही त्यांनी विचारून घेतलंय.