खिडकीतून दिसणारा ओक

माझी मामी पडदे शिवते आणि रेशमाचे पतंग पाळते. तळहाताहून मोठे, तपकिरी, पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके. मामा निवृत्त बसचालक. पाहुणे आले की सांगायचे, "हिची ही पोरं फार गुणी. मोठी झाली की जेवायलाच मागत नाहीत."

खरंच आहे ते. पंख फुटलेल्या पतंगाला खाता येत नाही. अळी असताना खाल्लेल्यावर तो जेमतेम आठवडा काढतो. मादी अंडी घालते आणि कारभार आटोपतो. मामीने एकाच मादीचा वंश वर्षानुवर्षं असा टिकवला होता.

हिवाळ्यात कोश शिवणयंत्रावरच्या दोरीला टांगलेले असतात. आत झोपलेल्या जिवाच्या डोक्यावर खिडकीसारखा एक फिकट ठिपका असतो. त्यातून उजेड आत जातो आणि दिवस मोठे झाले की त्याला जाग येते. यंदा मामा छातीचं दुखणं घेऊन दवाखान्यातून घरी आले. अंधारात त्यांचा जीव घुसमटायचा. त्यांची खाट त्याच खोलीत टाकली, हीटर लावला, दिवा पहाटेपासून निजेपर्यंत जळत राहिला. कोशांना वाटलं, उन्हाळा आला. मामीच्या ध्यानात येईपर्यंत सगळे कोश फुटले होते.

अंडी झाली, अळ्याही निघाल्या. त्यांना ओकचीच पानं लागतात, आणि बाहेर ओकच्या फांद्या खराट्यासारख्या उघड्या.

"माझ्यामुळे झालं," मामा म्हणाले.

"दिवा मी लावला. तुम्ही गप्प पडा."

"अगं, दवाखान्याच्या आवारात एक ओक आहे. भर थंडीत हिरवागार. पडल्यापडल्या तोच तर बघायचो."

"मग चला. तपासणीही चुकवलीय तुम्ही."

"पानांपुरता येतो. आत पाऊल टाकणार नाही."

दवाखान्याच्या फाटकातच नर्सने त्यांना गाठलं. "काका, ओठ निळे पडलेत तुमचे!" मामा पुन्हा वरच्या मजल्यावर, त्याच खाटेवर. मामी पिशवीभर पानं घेऊन एकटीच घरी आली.

सकाळी फोन वाजला. "खाल्लं का गं पोरांनी?"

हो म्हणून टाकावं असं मामीला वाटलं. पण तिला ते जमलं नाही. "नाही हो. पानं चामड्यासारखी आहेत. यांना कोवळी लागतात."

मामा म्हणाले, "भिंतीवरून गरम पाण्याचा पाईप जातो ना, तिथे ओकला एक फिकट, कोवळी फांदी फुटलीय. खालून दिसायची नाही. इथून दिसते. ये तू."

मामीने अळ्यांची बरणी पिशवीत घातली आणि निघाली. दवाखान्याच्या रखवालदाराच्या शिडीवर ती चढली, फोन खांद्यात धरून.

"डावीकडे. अगं, तुझ्या डावीकडे! येऊ दे, येऊ दे... बस्स!"

"बस समजून मागे घेताय का मला?"

पानं लुसलुशीत होती. तिने एक तोडून बरणीत टाकलं आणि वर पाहिलं. मामा खिडकीचा गज धरून उभे होते, नाकात नळी, मान पुढे पडलेली.

"आधी खाटेवर जा."

"खाताहेत का सांग."

मामी बरणीवर वाकली. बऱ्याच अळ्या काचेलाच चिकटून होत्या, हलत नव्हत्या. एकीने पानाची कड धरली होती.

"एक खातेय."

"एकच?"

"आत्ता तरी एकच."

तिने अर्धी फांदी कापली. उरलेल्या अर्धीला हातही लावला नाही.

"अगं, सगळी घे ना."

"उरलेली उद्या दाखवा," मामी म्हणाली आणि शिडीवरच उभी राहिली, खिडकीतला हात गजावरून सुटून मामा खाटेकडे वळेपर्यंत.