दोन कॅमेऱ्यांचे श्रीपालअण्णा

श्रीपालअण्णा कुणाकडंही फोटो काढायला गेले, की गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून जातात, आणि तो कॅमेरा बंद पडलेला असतो. खरा फोटो काढतो तो मुठीत मावणारा चिमुकला. पण तेवढाच घेऊन गेलं, की लग्नघरची माणसं त्यांनाच विचारतात, "पावणं, फोटोग्राफर कधी येणार?" म्हणून मोठा नुसता मिरवायला.

त्या चिमुकल्याचं सगळं घराणंच कंपनीनं कधीचं बंद केलंय. नवी लेन्स मिळत नाही, दुकानदार ओळख देत नाहीत. अण्णा लोकांनी कपाटात टाकलेल्या लेन्सा गोळा करतात. पेढ्याएवढी एकेक, रुमालात गुंडाळून खिशात. मला म्हणतात, "वहिनी, कंपनीनं हात काढला, त्ये फोटोला कुठं ठावं हाय? मोठ्याच्या पोटात आरसा असतोय, खाट्कन उडतोय, माणूस दचकतंय. ह्याच्या पोटात आरसाच न्हाय. गप काम करतंय."

आमच्या ह्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी त्यांना बोलावलं. ह्यांचा एक धड फोटो घरात नव्हता. कॅमेरा दिसला की चेहरा असा, जणू पोलिसांनी धरून आणलंय. काही बरंवाईट झालं, तर भिंतीवर जन्मभर तो आधार कार्डावरचा चेहरा बघायचा, ह्या धास्तीनं मला झोप नव्हती. कुणाला सांगणार? अण्णांना सांगितलं.

अण्णांनी मोठा कॅमेरा माझ्याच हातात दिला आणि आपण कडेला चहा घेत बसले. मी डोळ्याला लावला. हे ताठ. हसा की, म्हटलं. आणखी ताठ. मला तर समोर काळोखच. पुढं गेले, मागं गेले, टेबलाला धडकले.

"अगं, टोपण काढ की त्याचं," हे म्हणाले, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. कडेला अण्णांची मूठ कधी हलली, आम्हा दोघांनाही कळलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. घरी आल्यावर ह्यांनी फोटो बघितला आणि फ्रेमच करून आणली. जित्या माणसाचा असा एकट्याचा लावू नये, मी म्हटलं.

"मेल्यावर मला दिसणार हाय व्हय?" म्हणत ह्यांनी स्वतः खिळा ठोकला.

आता कुणी त्या चिमुकल्याला खेळणं म्हटलं, की अण्णा त्या गिऱ्हाइकाला नमुना दाखवायला आमच्याकडं आणतात. परवा मुरगूडचे एकजण आले. फोटोसमोर थांबले, हात जोडले, आणि माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "लई वाईट झालं."

तेवढ्यात तोंडाला दाढीचा साबण फासलेले हे आतनं बाहेर आले. पाहुण्यांचे जोडलेले हात तसेच राहिले.

अण्णा शांतपणे म्हणाले, "आता नीट बघून सांगा पावणं. ह्या दोघांत जास्त जिता कोण वाटतोय?"