खाली शिरणाऱ्याच्या खिशात किल्ली

बुटक्या ट्रॅक्टरला गवत कापायचा डेक जोडणं सोपं आहे, असं म्हणणाऱ्या माणसाला मी आजही अर्धवट समजतो. साठच्या दशकात बेंगळूरच्या एका सरकारी संशोधन संस्थेत मी नवा मेकॅनिक होतो. हेब्बाळच्या बाजूला भलंमोठं आवार, जिकडेतिकडे गवत, आणि ते कापायला एकच छोटा परदेशी ट्रॅक्टर. पुढची चाकं एका अंगाला पूर्ण वळवायची, पात्यांचा तो जड लोखंडी डेक बाजूने ट्रॅक्टरच्या पोटाखाली सरकवायचा, चार पिना घालायच्या आणि शेवटी इंजिनाच्या पुलीवर पट्टा चढवायचा. काढताना हेच सगळं उलटं.

हे मला अण्णांनी शिकवलं. अण्णा माझे वरिष्ठ, कित्येक पिढ्या बेंगळूरलाच राहिलेल्या मराठी घरातले. बोलण्यात कानडी मिसळलेली: 'जरा'ला स्वल्प, 'ठीक'ला सरी. त्यांचा नियम एकच: जो खाली शिरेल त्याच्या खिशात ट्रॅक्टरची किल्ली. "स्वल्प थांब रे," म्हणायचे, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायचे, खिशाचं बटण लावायचे, मगच आडवे व्हायचे. मला हसू यायचं. मी पुण्याहून आलेला, मला सगळंच येत होतं!

त्या वर्षी खंडेनवमीला, म्हणजे तिकडच्या आयुधपूजेला, आम्ही डेक काढून खरवडला, पात्यांना धार लावली आणि पूजेआधी परत जोडला. जीप, लॉरी, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या किल्ल्या कुंकू लावायला एका ताटात जमा केल्या होत्या. अण्णांनीही आपल्या खिशातली काढून दिली. आरती झाली, चाकांपुढे लिंबं ठेवली. गाडी चालू करून ती चिरडायची, ही तिथली रीत. साहेब म्हणाले, "हं, घ्या आता." मी ताटातली किल्ली उचलली आणि ऐटीत सीटवर जाऊन बसलो.

अण्णा प्रसादाच्या गर्दीत असतील, असं मी धरून चाललो. ते पलीकडून ट्रॅक्टरखाली वाकले होते. पट्टा नीट बसला नाही, असं त्यांना वाटलं होतं. मी वाकून पाहिलं नाही. हाक मारली नाही. किल्ली फिरवली.

त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

दवाखान्यात साहेबांनी विचारलं, तेव्हा अण्णांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "मीच चालू कर म्हणालो, सर. त्याचं काही नाही." मी अजून नोकरीत कायम झालो नव्हतो, हे त्यांना ठाऊक होतं. मी शेजारी मख्खासारखा उभा. हे खरं नाही, एवढं म्हणायलाही माझं तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून गेलेली नाही, आणि जाऊही नये.

पुढे गवत सुकलं आणि डेक काढायची वेळ आली. अण्णा नुकतेच कामावर परतले होते. त्या हाताने पिना निघणार नव्हत्या, म्हणून खाली शिरायला मी बसलो.

"स्वल्प थांब."

त्यांनी किल्ली काढून माझ्या शर्टाच्या खिशात टाकली. डाव्या हाताने खिसा धरला आणि उजव्याच्या अंगठ्याने नि करंगळीने बटण लावायला लागले. ते काही लागेना. मी हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला. शेवटी लागलं.

"सरी. जा आता."

मी आत सरकलो. चार पिना काढायला कितीसा वेळ लागतो? पण मी तिथेच तोंडावर हात दाबून रडत पडलो. बाहेर मला अण्णांच्या चपला दिसत होत्या. त्या हलल्या नाहीत, आणि "झालं का?" असं त्यांनी एकदाही विचारलं नाही.