४११२७८३ ला भाग जात नाही

मास्तरांच्या कापण्यात खोट काढणारा अजून जन्माला यायचा होता, असं मास्तर स्वतःच सांगत. दुकान दोघा भावांचं. मास्तर कापायचे, धाकटा शिवायचा, आणि पाटीवर दोघांच्याही नावाऐवजी फोन नंबर मोठा होता: ४११२७८३.

या नंबराचं मास्तरांना वेड लागलं होतं. हाताला काम नसलं की कापायच्या टेबलावर खडूने भागाकार सुरू. दोनचा प्रश्नच नव्हता. आकड्यांची बेरीज सव्वीस, म्हणून तीनही बाद. सात, अकरा, तेरा करत वर्षानुवर्षं ते चढत राहिले. २०२८ पर्यंत, म्हणजे वर्गमूळापर्यंत, भाग गेला नाही तर पुढे जाणारच नाही, इतकं गणित त्यांना येत होतं. पण १९९९ ने भागून पाहिल्यावर ते थांबले. कडेला बोटभर कापड सोडायची कारागिराची सवय. इथेही त्यांनी तेवढी कड सोडली आणि जाहीर केलं की ही मूळ संख्या आहे. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकावं लागे. बिचारं टाचण्या लावून उभं, पळणार कुठे?

पुढे धाकट्याची मुलं मोठी झाली. निम्मं दुकान वेगळं करून दे, बायकांचे कपडे मी माझ्या पद्धतीने शिवीन, असं तो म्हणू लागला. मास्तर पाटीकडे बोट दाखवत.

"ज्या नंबराला भाग जात नाही, त्या दुकानाचे वाटे कसले?"

एका दुपारी धाकट्याने मशीन थांबवलं, खडू घेतला आणि टेबलावर लिहिलं: २०२७ × २०२९.

मास्तरांनी गुणाकार केला. पुसून पुन्हा केला. दोन्ही वेळा पाटीवरचाच नंबर आला.

"कधी सापडलं तुला?"

"माझ्या लग्नाआधी."

"मग तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा मला वेगळं व्हायचं नव्हतं, दादा."

मास्तरांना हे फार लागलं. नंबराने भावाला बांधून ठेवलंय, अशी त्यांची समजूत होती. तो आपणहून राहिला होता, आणि त्याबद्दल त्याला कधी कुणी विचारलंही नव्हतं.

त्यांनी २०२९ खाली खडूने रेघ मारली. मग म्हणाले, की फोन तुझ्याकडेच राहू दे, मला माझ्या वाट्याचा २०२९ पुरे.

"त्याला तरी भाग जात नाही ना?"

"पंचेचाळीसपर्यंत तपास," धाकटा म्हणाला. "या खेपेला कड सोडू नकोस."

मास्तर त्रेचाळीसपर्यंत, म्हणजे पंचेचाळीसच्या आतल्या शेवटच्या मूळ संख्येपर्यंत, गेले. कशानेच भाग गेला नाही. मग त्यांनी गळ्यातली टेप काढली, एक टोक धाकट्याच्या हातात दिलं आणि दुसरं धरून भिंतीकडे चालू लागले.