जसोदाबाईंच्या नावाचा स्पंज

तापीकाठच्या प्रकाशा गावचे हेमकांत सर समुद्री स्पंजांच्या जाती ओळखण्यात तरबेज, पण समुद्राला मात्र लांबून नमस्कार करणारे. शहाद्याच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात. तरुणपणी एकदा बोटीत बसले आणि किनारा दिसेनासा व्हायच्या आत सकाळचा नाश्ता समुद्राला देऊन बसले. तेव्हापासून समुद्रानेच आपल्याकडे यावं, असा त्यांचा आग्रह होता.

तो यायचाही, बाटल्यांतून. त्यांची जुनी विद्यार्थिनी रविना मालवणला संशोधन करते. रीतसर परवानगी काढून घेतलेले नमुने ती स्पिरिटमध्ये बुडवून पाठवायची. सर त्यातला तुकडा ब्लीचमध्ये टाकायचे. मऊ भाग विरघळून जायचा आणि तळाशी काचेसारख्या बारीक सुया उरायच्या. त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघून जात ठरवायची. वासापायी सरांच्या पत्नी सीमावहिनींनी हा सगळा पसारा गोठ्याशेजारच्या खोलीत हलवला होता. म्हशींनी तक्रार केली नाही, एवढंच.

एकदा एका बाटलीतून पिवळा स्पंज आला, पापुद्र्यासारखा चपटा. त्याच रंगाचा एक स्पंज शास्त्राला आधीपासून माहीत होता, पण तो उभी बोटं काढून वाढायचा आणि त्याच्या सुया बारीक असायच्या. याच्या चांगल्याच जाड. सरांनी पुन्हा पुन्हा मोजल्या. नवी जात! त्यांनी लेख लिहून एका शास्त्रीय नियतकालिकाला पाठवला आणि जातीला आईचं नाव द्यायचं ठरवलं.

जसोदाबाईंनी संध्याकाळच्या आत ही बातमी तापीच्या घाटापर्यंत पोचवली. शेजारच्या बेबीबाईने, भांडी घासायचा स्पंज का, असं विचारलं, तर दोन दिवस तिच्याशी अबोला.

मग नियतकालिकाकडून विचारणा आली: हे दोन्ही स्पंज आपण जिवंत, त्यांच्या जागी पाहिलेत का? सरांना खोटं लिहिता येईना. मालवणला जाणं आलं.

"मन्हा नावना शे तो," जसोदाबाई पिशवी भरत म्हणाल्या. "मी बी देखसु."

रविनाने ओहोटीला चालत जाता येईल असे खडक शोधून ठेवले होते. बोट नव्हतीच, तरी सरांनी उलटीची गोळी घेतली. एका मोठ्या खडकाच्या बाहेरच्या कडेला लाटा आपटत होत्या आणि तिथे तो होता, पिवळा, चपटा. सर वाकले, बोट टेकवून त्याच्या कडेकडेने निघाले. पिवळी साय कुठेच तुटेना. खडकाला वळसा घालून ती मागच्या खळग्यात उतरली आणि तिथल्या संथ पाण्यात तिने छान उभी बोटं काढली होती.

दुपारी रविनाच्या सूक्ष्मदर्शकाखाली तेच दिसलं. लाटांकडच्या तुकड्यात सुया जाड, खळग्याकडे येता येता बारीक. मार खाणाऱ्या बाजूने स्पंज निबर झाला होता, इतकंच. दोन जाती नव्हत्याच.

सर परत किनाऱ्यावर आले. मासळीच्या वासाने नाकाला पदर लावून जसोदाबाई घोटाभर पाण्यात उभ्या होत्या. इतका वेळ काय बोलावं याची सरांनी मनात जुळवाजुळव केली होती, ती ऐन वेळी आठवेना.

"माय, हाई जात नवी नई शे. जुनीच शे. मन्ही चूक झायी."

जसोदाबाईंनी वाकून पायाजवळच्या खडकावरच्या पिवळ्या स्पंजाला बोट लावलं.

"इतलं चिकट, वास मारस," त्या म्हणाल्या. "हाई देखीसन तुले मन्हीच याद कशी उनी?"

सर इतके हसले की जवळचा कोळी वळून बघायला लागला.

घरी येताच त्यांनी तो लेख मागे घेतला आणि दोन्ही रूपं एकाच जातीची असल्याचा दुसरा लिहिला. तो छापून आला. घाटावर जसोदाबाई आता सांगतात की आपण स्वतः जाऊन तो स्पंज नापसंत केला. दर सुट्टीत मायलेक मालवणला जातात. सर गुडघाभर पाण्यात वाकलेले असतात, आणि जसोदाबाई वाऱ्याची दिशा बघून बसायची जागा शोधतात.