जॅकवर बसलेलं चाक

जळक्या रबराचा वास आला की अजून माझं डोकं सणकतं. स्प्रिंगा कापून खाली केलेल्या माझ्या गाडीला रुंद चाकं लावायला फुलपाड्याच्या एका गॅरेजमध्ये गेलो होतो. मेकॅनिकने गाडी जॅकवर असतानाच चाक हाताने फिरवलं. "बसतंय बॉस, बिनधास्त जा!" "अरे, खाली घे, मागे माणसं बसव, मग सांग!" मी ओरडलो. "वीस वर्षं हेच करतोय," तो हसला आणि मी पैसे देऊन गाडी घेऊन निघालो. रविवारी आईबाबांना, मावशीला मागे बसवून आगाशीला निघालो. प्रत्येक खड्ड्यात गाडी वजनाने दबत होती आणि मागचे टायर मडगार्डला खर्रकन घासत होते, गाडीभर जळका वास. अर्ध्या वाटेत आई उतरली. पदर नाकाला लावून म्हणाली, "तुझी चाकं बसली ना? मग आम्ही बसने जातो." त्या मेकॅनिकला आजही शिव्या घालतो, पण पहिली शिवी मलाच, कारण सगळं कळत असूनही मी गप्प बसलो होतो.