नणंदेचं पाण्याखालचं शेत

स्वारगेटला बस लागलेली होती, पण कंडक्टर नव्हता. कंडक्टर आला तेव्हा ड्रायव्हर चहाला गेला. पुण्याबाहेर पडायचं तर आधी पुण्यातच बराच वेळ बसून राहावं लागतं.

इंदू माझी धाकटी नणंद. धरणाच्या काठावरच्या एका लहान गावात दिलेली, आता घरात एकटीच. तिने फोनवर सांगितलं, "वयनी, हवा खायला ये. ताजं मासं करते." नणंद एवढं गोड बोलली तेव्हाच मला संशय यायला हवा होता. पण मे महिन्यात कसबा पेठेतल्या आमच्या खोलीचा पत्रा असा तापतो की त्याच्यावर भाकरी भाजावी. म्हणून गेले.

शहर संपता संपेना. मग रस्त्याच्या कडेने प्लॉट विकणाऱ्यांचे फलक लागले. प्रत्येक फलकावर निळंशार तळं होतं. खरं तळं मात्र रस्त्यावरून दिसत नव्हतं, कारण मध्ये फलक होते.

इंदू थांब्यावर उभी होती. उजवा हात प्लास्टरमध्ये.

"हाताला काय झालं?"

"पडले."

"फोनवर बोलली नाहीस ते?"

"बोलले असते तर आली असतीस व्हय?"

"नसते आले."

"मग?"

 माझी पिशवी मलाच उचलावी लागली.

गाव समजायला सोपं आहे. वर डोंगराच्या उतारावर घरं, मधून डांबरी रस्ता, खाली पाणी. मूळ गाव त्या पाण्याच्या तळाशी आहे. धरण झालं तेव्हा लोक भांडी, गुरं आणि देव घेऊन वर चढले. भांडणंही बरोबर आणली. इंदूचं आणि तिच्या दिराच्या घराचं ज्या बांधावरून बिनसलंय, तो बांध वर्षातले कितीतरी महिने पाण्यात बुडालेला असतो. तरी कुणी हार मानत नाही.

पाणी उतरायला लागलं की जुनी शेतं वर येतात. ज्याने त्याने खाली उतरायचं आणि आपल्या आज्या-पणज्याच्या तुकड्यात पेरायचं. याला गाळपेर म्हणतात (धरणाच्या उघड्या पडलेल्या गाळात घेतलेलं पीक). खत लागत नाही, कारण वरच्या साऱ्या डोंगरांची माती फुकटात येऊन बसलेली असते. इंदूने भुईमूग लावला होता.

बाकी गाव काय करतं? तळं दाखवतं. कुणी गाड्या लावायला जागा देतं, कुणी कणसं भाजतं, कुणी काठावर तंबू ठोकून शहरातल्या लोकांना डासांत झोपवतं. इंदूचा पुतण्या महेश, त्याच दिराचा मुलगा, तंबूवाला आहे.

रात्री ताटात पिठलं आलं.

"मासे कुठायत?"

"पहाटेच पुण्याला गेलं. घरी थांबली असतीस तर ताजं मिळालं असतं."

जेवण झाल्यावर खरी गोष्ट बाहेर आली. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. एक-दोन दिवसांत इथली पातळी चढणार आणि शेत शेंगांसकट बुडणार. मजुरीला बाई मिळत नव्हती. साऱ्या तंबूंकडे भाकऱ्या थापायला गेलेल्या.

"पानी कुणासाठी सोडलंय म्हाईत हाय?" इंदूने विचारलं. "तुमच्या पुण्यासाठी. कमी पडतंय म्हनं तुम्हांस्नी."

"मग महेशला सांग ना मदतीला."

"मरंन, पन त्याला न्हाई सांगायची. पीक गेलं तर पुढल्या पेरनीला बी न्हाई, आन् येक साल रान रिकामं दिसलं, की तो तिथं खुर्च्या मांडतोय. मग ते रान काय मला दिसत न्हाई परत."

म्हणजे नुसत्या शेंगांचा प्रश्न नव्हता. जे शेत धड वर्षभर जमीनही नसतं, ते तिच्या हातून जाणार होतं.

सकाळी आम्ही दोघी गाळात. तिचा एक हात मोडलेला, माझे दोन्ही गुडघे. मी बसून सरकत वेल उपटत होते. पाणी सिनेमातल्यासारखं धावत येत नाही. न बोलावलेल्या पाहुण्यासारखं हळूच सरकून बसतं. इंदूने काठावर काटकी रोवली होती. आम्ही चहा पिऊन उठलो तर काटकी पाण्यात.

तेवढ्यात तंबूंतून चार-पाच जण खाली आले. अर्ध्या चड्ड्या, काळे चष्मे.

"आजी, एक फोटो काढू? किती ऑथेंटिक वाटतंय!"

"आधी पाच-पाच वेल उपटा, मग काढा."

"आम्हाला येत नाही हो."

"मला तरी कुठे येत होतं? मी कसब्यातली. बुडाशी धरा, हलवा आणि ओढा."

एकाने शेंड्याला धरून ओढलं. पाला हातात, शेंगा जमिनीत. इंदू ओरडली, "आरं, केस उपटतोस का शेंगा?" बाकीचे हसले, मग त्यांनाही तसंच झालं. पण दोन-तीन वेल नीट निघाल्यावर त्यांना चव लागली. फोटो विसरले. नाश्त्याला बोलवायला महेश आला, तर एक मुलगी म्हणाली, "दादा, थांबा, ही सरी संपवतो."

 गिऱ्हाईक पोहे सोडून चिखलात बसलेलं महेशने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"काकू, वेल वर न्यायला गाडी आणू?"

"भाडं लावशील."

"न्हाई लावत."

"मग आन. पन उपकार म्हनायचं न्हाई."

दुपारपर्यंत बहुतेक शेत मोकळं झालं. पाण्याकडच्या शेवटच्या तीन सऱ्या मात्र गेल्या. इंदू घोटाभर पाण्यात उभी राहून बघत होती.  पुण्याच्या माणसाने त्या वेळी गप्प बसलेलं बरं.

निघायच्या दिवशी महेशने मोबाइलवर नवी जाहिरात दाखवली. 'तलावाकाठी स्वतः शेंगा उपटण्याचा आनंद. सोबत गावच्या आजी.'

"या आजी कोण?" मी विचारलं.

"काकू. आन् तुम्ही, आलात तर."

"निम्मं पैसं माझं," इंदू म्हणाली. "आन् माझ्या रानात खुर्ची येक बी न्हाई."

"खुर्ची कशाला, काकू? पीक असलं तरच लोक येनार. तुम्ही पेरा."

थांब्यावर इंदू मला म्हणाली, "बघ की, मेला मलाच सांगतोय पेर म्हनून." तोंड वाकडं होतं, पण आवाज खूश होता. मग म्हणाली, "पुढच्या साली येशील?"

"तोवर तुझा हात बरा होईल."

"मग दुसरा मोडून घेते."

बसमध्ये मला वाटत होतं, आपण हवा खायला गेलो आणि चिखल खाऊन आलो. कंबर आठवडाभर बोलणार होती. पण इतकी वर्षं नळाखाली बादली लावली, ते पाणी कुणाच्या रानावरून येतं हे कधी विचारलं नव्हतं. विचारूनही बादली लावावीच लागते, तो भाग वेगळा.

घरी येऊन मोरीत शेंगा ओतल्या. शेजारीण डोकावली. "अहो, शेंगा आणल्यात की जमीन?"

मी नळ सोडला. धार चांगली जाड होती. गाळ सुटून वाहायला लागला.

"यंदा मे महिन्यातही पाणी बरं येतंय, नाही?" शेजारीण म्हणाली.

"येणारच," मी म्हटलं. "तीन सऱ्या खाऊन निघालंय."